पावाशिवाय

डॉक्टर बोरस्त्यांनी कागदावर आधी भात खोडला,
मग पोळी, मग बटाटा,
आणि पेन हवेत धरून माझ्याकडे पाहिलं.
म्हटलं, द्राक्षं तेवढी राहू द्या, नाशिकचा माणूस आहे.
त्यांनी द्राक्षंही खोडली.

चौतीस वर्षं मी जेलरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले.
एक रेघ हलली, एक आकडा पुसट आला
की ताव बाजूला.
आता तोच डोळा पातेल्यात घालून उभा असतो:
कांदा अर्धा. गाजर नको.
उसळ एक वाटी, सपाट, शीग नाही.

शैला इंदूरला, ऋजुताच्या बाळंतपणाला.
डबे इथेच आहेत, तिने लावले त्या ओळीत.
कणकेचा मी उघडलेला नाही.
तिखटाचा दोनदा भरून झाला.

पहिल्या आठवड्यात फ्लॉवर किसला,
तांदळासारखा दिसेस्तोवर.
जिरं, हिरवी मिरची, चमचाभर तूप,
सहा मिनिटांत ताटात.
कुकरची शिट्टी झाली नाही म्हणून
शेजारच्या काकूंनी विचारलं, जेवलात ना?
रात्री फोनवर शैलाला सांगितलं, फ्लॉवरचा भात केला.
ती म्हणाली, भात नका म्हणू त्याला.
मग काय म्हणू?
फ्लॉवर म्हणा. त्याचं नाव आहे की ते.

तेव्हापासून मी कशालाच दुसरं नाव देत नाही.
दोन अंडी, मूठभर मेथी, लसूण ठेचून: अंडी-मेथी.
पनीर कुस्करून सिमला मिरचीत: पनीर.
दुधीची साल तिळावर परतली तर चटणी,
आणि ती नुसती चमच्याने खाल्ली
तर नुसती चमच्याने खाल्लेली चटणी.

रविवारचं मात्र अवघड जातं.
रविवारी सगळं गाव मिसळीला निघतं,
मखमलाबादकडच्या मळ्यांत गाड्यांच्या रांगा,
आणि खालून निमसेंचा तुषार ओरडतो, काका, येताय ना?
मी म्हणतो गुडघा दुखतोय.
गुडघा ठणठणीत आहे.

म्हणून शुक्रवारी मटकी भिजवली.
शनिवारी फडक्यात बांधली. रविवारी मोड नखाएवढे.
सुकं खोबरं काळपट होईतो भाजलं,
कांदा थेट आचेवर धरला,
मसाला शैलाच्या हातचा, बरणीच्या तळाचा.
तवंग असा आला की पळी लाल होऊन निघाली.
फरसाण नाही, शेव नाही.
वर मुळा किसून, काकडी, लिंबू,
भाजके शेंगदाणे मोजून वीस.
आणि बशीत, जिथे पाव असतो तिथे,
बशी.

हात सवयीने गेला.
अंगठा आणि दोन बोटं मिटून
रश्शापर्यंत आला, काहीच नसलेलं बुडवायला.
मला हसू आलं, मग ठसका लागला,
मग बराच वेळ नुसतंच बसलो.

प्रेसमध्ये एकदा एक ताव आला होता माझ्या टेबलावर,
कागद खरा, पाणचिन्ह खरं, छपाई राहूनच गेलेली.
भामरेसाहेबांनी तो उजेडात धरला,
म्हणाले, गायधनी, यात सगळं आहे बघा, किंमत सोडून.
ते का आठवलं कुणास ठाऊक.
मिसळ मी सगळी संपवली. वाटी तिरकी करून प्यायलोही.

संध्याकाळी दाराच्या कडीला पिशवी,
तुषारच्या सासुरवाडीची, पिंपळगावची द्राक्षं,
अजून मळ्यातली भुकटी अंगावर.
तीनदा धुतली.
एक तोंडात टाकलं. दाताखाली फुटलं,
आणि कान गरम झाले, शाळेत चोरी पकडल्यासारखे.

शैला आल्यावर तपासणार म्हणून वही ठेवलीय.
त्यात लिहिलं: द्राक्ष, एक.
खोडलं नाही.
खाली थोडी जागा मात्र सोडली.